तळघरातला पंप : आहे, पण चालतो का?

‘संप’ हा शब्द कानावर पडला की आम्हा कापडवाल्यांना १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप आठवतो. पण मिस्त्री आणि प्लंबर ज्याला संप म्हणतात तो वेगळा. जमिनीखालचा खड्डा किंवा हौद, ज्यात पाणी गोळा होते, त्याला ते संप म्हणतात. त्यात बसवलेला, पाणी चढले की आपोआप सुरू होणारा पंप म्हणजे संप पंप. ज्यांचे गोदाम, दुकान किंवा कारखाना तळघरात आहे आणि दर पावसाळ्यात ज्यांच्या जिवाला घोर लागतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुंबई, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, कुठेही जा, कपड्याच्या बाजारात वरची जागा महाग म्हणून माल खाली जातो. आणि पाणीही खालीच जाते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या पावसाचे पाणी भिवंडीतही शिरले. आमच्या तळघरातला माल त्या दिवशी भिजला. तेव्हा पंप नव्हता, म्हणून तक्रार कुणाकडे करणार? पुढच्या वर्षी आम्ही खड्डा खणून घेतला, पंप बसवला आणि निश्चिंत झालो. हीच आमची गफलत झाली.

२०१९ च्या जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी शटर उघडून पाहतो तो तळघरात नऊ इंच पाणी. पंप जागेवर होता, वीजही होती, तरी पंप बंद! मिस्त्री आला. गाठीची सोडलेली सुतळी खड्ड्यात पडली होती आणि पंपाच्या फ्लोटला गुंडाळली गेली होती. फ्लोट वर येईना, म्हणून पंप सुरू होईना. फ्लोट मोकळा केला तर पंप नुसता गुणगुणू लागला. उलटा करून पाहिला तर आतल्या पंख्याला सुताचा गुंता बसलेला. तेरा पावसाळे आम्ही त्या पंपाकडे पाहिलेही नव्हते. पंपाबरोबर आलेले माहितीपत्रक इंग्रजीत होते. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, मिस्त्री सातवी पास. दोघांनीही ते वाचले नव्हते.

६३ ताके खराब झाले. त्यातले ५२ आमचे. उरलेले ११ आमच्या मोहल्ल्यातल्या एका बाईंचे होते. त्या आठ-दहा बायकांकडून भरतकाम करून घेतात. घरात जागा नाही म्हणून सणाच्या तोंडावर माल आमच्याकडे ठेवला होता. आमचे नुकसान आम्ही सोसले, त्यांच्या कपड्याचे पैसे हप्त्याहप्त्याने दिले. पण वेळेवर माल न मिळाल्याने त्यांचा गिऱ्हाईक गेला तो गेलाच. त्याची भरपाई आम्ही कशी करणार? त्या दिवसापासून आम्ही हा विषय शिकून घेतला. जे शिकलो ते येथे देत आहोत.

आधी पाणी येते कुठून ते पाहा

पंप विकत घेण्याआधी भर पावसात तळघरात उभे राहून पाणी कुठून येते ते पाहावे. पाण्याच्या वाटा साधारण चार. पहिली, जिन्यावरून किंवा शटरखालून थेट आत येणारे रस्त्याचे पाणी. दुसरी, भिंतीतून आणि फरशीच्या सांध्यातून पाझरणारे जमिनीतले पाणी. तिसरी, गच्चीचे पाणी, जे पाइपातून खाली येते आणि भिंतीच्या मुळाशीच सोडले जाते. चौथी, तळघरातल्या मोरीतून किंवा संडासातून उलटे येणारे गटाराचे पाणी.

पहिल्या वाटेला पंप नव्हे, उंबरठा लागतो. जिन्याच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच असा पक्का उंबरठा बांधला की निम्मे काम होते. तिसरीचा हिशेब करून पाहा. एक हजार चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी होते. ते भिंतीपाशी सोडून मग आतून पंपाने काढणे म्हणजे आपल्याच खिशातले पैसे काढून पुन्हा आपल्याच खिशात टाकणे, आणि वर दलाली देणे. पावसाळी पाइप लांब नेऊन गटारात सोडावा. चौथ्या वाटेला ड्रेनेजच्या पाइपात उलटे पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह हवा. पंपाचे खरे काम दुसऱ्या वाटेचे, म्हणजे पाझराचे पाणी काढण्याचे आहे. पुराला पंप पुरत नाही, हे आधीच मनाशी पक्के करावे.

खड्डा कसा असावा

खड्डा तळघराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात घ्यावा आणि फरशीला त्या दिशेने उतार द्यावा. भिंतीच्या कडेने तीन-चार इंच रुंद नाली काढून ती खड्ड्यात सोडली तर पाझर मालापर्यंत येतच नाही. आमच्या खड्ड्याचे माप ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ७५ खोल आहे. त्यात सुमारे २७० लिटर पाणी मावते. खड्डा याहून फार लहान असेल तर पंप मिनिटा-मिनिटाला सुरू-बंद होतो आणि मोटार लवकर जळते.

खणताना दोन गोष्टींची एहतियात घ्यावी. खांबाच्या पायाजवळ खणू नये. आणि तळघराला शहाबादी फरशीचे वॉटरप्रूफिंग केलेले असेल तर खड्ड्यासाठी ते फोडले की पाणी खालून वर येऊ शकते. म्हणून इमारतीच्या इंजिनीअरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नये. खड्ड्याला वरून लोखंडी जाळी आणि त्यावर बारीक जाळी बसवावी. आपल्या धंद्यात सुतळी, सूत, चिंध्या, प्लास्टिकची पट्टी यांचा तोटा नाही. पंपाचा सर्वांत मोठा दुश्मन पाणी नव्हे, हा कचरा आहे.

पंपाची निवड

घरातले पाणी गच्चीवर चढवणारा मोनोब्लॉक पंप येथे चालत नाही. त्यात आधी पाणी भरावे लागते आणि मध्यरात्री पाणी भरायला कोण बसणार? बोअरवेलचा सबमर्सिबलही नको, तो स्वच्छ पाण्यासाठी असतो. दुकानदाराकडे ‘डी-वॉटरिंग सबमर्सिबल, ऑटोमॅटिक फ्लोटसह’ असा पंप मागावा. पाण्यात गाळ-कचरा जास्त असेल किंवा संडासाचे पाणी येत असेल तर त्यासाठी वेगळा सीवेज पंप असतो.

आता मापाची गोष्ट. पंपाच्या डब्यावर दोन आकडे मोठ्या अक्षरात असतात. एक, पाणी किती उंच चढेल. दुसरा, मिनिटाला किती लिटर निघेल. गिऱ्हाईक समजतो की दोन्ही एकदम मिळतील. तसे नसते. जास्तीत जास्त उंचीवर पाणी जवळजवळ शून्य निघते आणि जास्तीत जास्त पाणी निघते ते उंची नसताना. म्हणजे एका ताक्याचा पन्हा आणि दुसऱ्या ताक्याची लांबी सांगून माल विकल्यासारखे आहे. दुकानदाराकडून पंपाचा तक्ता मागून घ्यावा आणि आपल्या उंचीवर मिनिटाला किती लिटर निघेल तेवढेच पाहावे. आपली उंची म्हणजे खड्ड्यातल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतचे अंतर. शिवाय पाइपातल्या घर्षणासाठी आणि प्रत्येक बेंडसाठी थोडी जास्त धरावी.

पाणी किती येते तेही मोजता येते. जोराच्या पावसात पंप बंद ठेवून खड्ड्यात पट्टी धरावी. ६० बाय ६० च्या खड्ड्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ३.६ लिटर. एका मिनिटात दहा सेंटिमीटर चढले तर ३६ लिटरची आवक झाली. पंप याच्या किमान दुप्पट-तिप्पट काढणारा असावा. साध्या पाझराला बहुतेक ठिकाणी अर्धा हॉर्सपॉवर पुरतो. उगाच मोठा पंप लहान खड्ड्यात बसवू नये.

बसवण्याची रीत

एक, पंप थेट गाळावर न ठेवता पक्क्या विटेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर सपाट ठेवावा. दोन, पंप उचलायचा तो कड्याला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने. वायरीने किंवा फ्लोटच्या दोरीने कधीही उचलू नये. तीन, फ्लोट चारही बाजूंनी मोकळा फिरला पाहिजे. तो भिंतीला, पाइपाला किंवा दोरीला अडकता कामा नये. आमच्या खड्ड्यात पाणी ४५ सेंटिमीटरला आले की पंप सुरू होतो आणि १५ सेंटिमीटरला बंद होतो. म्हणजे एका फेरीत १०८ लिटर निघतात. पंप बंद होण्याची पातळी माहितीपत्रकात दिलेल्या पातळीपेक्षा खाली नेऊ नये. कारण या पंपाची मोटार पाण्यानेच थंड राहते. कोरडा चालला की सील आणि मोटार दोन्ही जातात.

चार, वर जाणाऱ्या पाइपात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. तो नसेल तर पंप बंद होताच पाइपातले पाणी परत खड्ड्यात येते. दीड इंची, पंधरा फूट उभ्या पाइपात साडेपाच लिटरच्या वर पाणी असते. तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा उपसत बसतो. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो पाणी जाण्याच्या दिशेला हवा. पाच, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपाला, खड्ड्याच्या आतच, तीन मिलिमीटरचे एक भोक पाडावे. त्यातून अडकलेली हवा निघते. पंप चालताना या भोकातून बारीक धार उडते. मिस्त्री ती गळती समजून बंद करतात. करू देऊ नये. सहा, व्हॉल्व्हजवळ युनियन लावावी, म्हणजे पाइप न कापता पंप बाहेर काढता येतो. सात, पाइपाचे तोंड गटाराच्या पावसाळी पातळीच्या वर आणि भिंतीपासून दूर असावे.

वीज गेली तर?

पावसाचा जोर आणि विजेचे जाणे बहुधा एकाच रात्री होते. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना सुमारे ६०० वॉट खातो, पण सुरू होतानाच्या क्षणी कित्येक पट जास्त ओढतो. घरातल्या पंखे-दिव्यांच्या लहान इन्व्हर्टरवर तो उचलला जात नाही. पंपाला स्वतंत्र, मोठा इन्व्हर्टर घ्यावा आणि विक्रेत्याकडून पंप जोडून, सुरू करून दाखवून घ्यावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर पंप सतत चालला तर साधारण दोन तास निघतात. पण मिनिटाला ३६ लिटर आवक आणि १२० लिटर उपसा असेल तर पंप तीन मिनिटे थांबतो आणि सव्वा मिनिट चालतो. मग तीच बॅटरी पाच-सहा तास साथ देते. बॅटरी आणि इन्व्हर्टर मात्र वरच्या मजल्यावर असावेत. तळघरात ठेवले तर आधी तेच बुडतील.

बिघाड आणि उपाय

पंप अजिबात सुरू होत नाही : एमसीबी पडला आहे का, प्लग ढिला आहे का, ते पाहावे. मग फ्लोट अडकला आहे का ते पाहावे. वीज बंद करून, कोरड्या लाकडी काठीने फ्लोट मोकळा करून, बाजूला होऊन पुन्हा वीज द्यावी.

गुणगुणतो पण फिरत नाही : ताबडतोब बंद करावा. पंख्याला सूत किंवा चिंधी अडकली असेल, नाहीतर कपॅसिटर गेला असेल. प्लग काढून, पंप बाहेर घेऊन, खालची जाळी खोलून साफ करावी. तरी फिरला नाही तर मेकॅनिककडे न्यावा.

चालतो पण पाणी निघत नाही : हवा अडकली असेल, भोक बुजले असेल, व्हॉल्व्ह उलटा बसला असेल किंवा बाहेरचे तोंड कचऱ्याने बंद झाले असेल.

थांबतच नाही : फ्लोट वरच अडकला असेल. किंवा बाहेर सोडलेले पाणी भिंतीतून परत आत येत असेल. पावसाळा नसतानाही खड्डा भरत असेल तर इमारतीची पाण्याची टाकी किंवा नळाची लाइन गळते का, ते तपासावे.

क्षणाक्षणाला सुरू-बंद होतो : व्हॉल्व्ह गळत असेल किंवा फ्लोटची मोकळी वायर फार आखूड बांधलेली असेल.

थोडा वेळ चालून आपोआप बंद होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो : मोटार तापत आहे. पंख्यात कचरा, कमी व्होल्टेज किंवा कमी पाणी, यांपैकी एक कारण असते.

मालापेक्षा जीव मोठा

हा भाग प्रत्येकाने आपल्या नोकर-माणसांना वाचून दाखवावा. तळघरात पाणी भरलेले असताना मेन स्विच बंद केल्याशिवाय कुणीही पाण्यात पाय घालू नये. मेन स्विचच खाली पाण्यात असेल तर वीज कंपनीला कळवून बाहेरून पुरवठा बंद करून घ्यावा. माल वाचवायला पहिली उडी बहुधा सर्वांत इमानदार नोकर मारतो. त्याला अडवणे आपले काम आहे.

पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग हवेच. सॉकेट जमिनीपासून पाच फुटांवर असावा. वायरीला पाण्यात सांधा नको. पेट्रोल किंवा डिझेलचे जनरेटर आणि इंजिनपंप तळघरात कधीही चालवू नयेत. त्यांच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो मिनिटांत माणसाला बेशुद्ध करून जीव घेतो. इंजिन बाहेर, फक्त पाइप आत.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तळघर बरेच भरले असेल तर बाहेरचे पाणी ओसरण्याआधी घाईने सगळे उपसू नये. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते आणि आतले पाणी भिंतीला आधार देत असते. तो आधार एकदम काढला तर भिंत आत येऊ शकते, फरशी उचलली जाऊ शकते. एक-दीड फूट उपसावे, भिंतीवर खूण करावी, रात्रभर थांबावे. पातळी पुन्हा चढली नाही तरच पुढे जावे.

अमानतीचा माल आणि विमा

पुराचा विमा आहे म्हणून बसून राहू नये. सर्वसाधारण फायर पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असले तरी दुसऱ्याचा विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला माल, पॉलिसीत स्पष्ट लिहिल्याशिवाय, धरला जात नाही. हळूहळू झिरपलेल्या ओलीचे नुकसान हेही पुराचे नुकसान नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी विमा कंपन्या देतात. पॉलिसी कोणतीही असो, माल तळघरात आहे आणि त्यात जॉबवर्कचा किंवा दुसऱ्याचा माल आहे, या दोन्ही गोष्टी लेखी कळवून पॉलिसीवर चढवून घ्याव्यात. आमच्या पॉलिसीवर ‘दुसऱ्यांचा माल’ ही एक ओळ नव्हती. त्या ११ ताक्यांचा एक पैसाही मिळाला नाही.

दरवर्षीचा नेम

आता आमच्या दुकानात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस ठरलेला आहे. वीज बंद करून पंप बाहेर काढतो, जाळी आणि पंखा साफ करतो, खड्ड्यातला गाळ उपसतो, पंप परत बसवतो. मग वीज देऊन पंधरा लिटरच्या दहा-बारा बादल्या पाणी खड्ड्यात ओततो. फ्लोट वर आला, पंप आपोआप सुरू झाला, रस्त्यावर धार पडली आणि पंप आपोआप बंद झाला, तरच काम पुरे. मग मेन स्विच पाडून हेच सारे इन्व्हर्टरवर. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा, ही परीक्षा होते. बादली ओतणारा मुलगा खड्ड्याजवळ टांगलेल्या वहीत तारीख लिहितो. माहितीपत्रकातल्या मुख्य गोष्टी शेजारच्या एका कॉलेजच्या मुलाकडून समजून घेऊन आम्ही मराठीत आणि उर्दूत लिहून भिंतीवर लावल्या आहेत. सर्वांत खालचा रॅक आता फरशीपासून दीड फूट उंच आहे आणि त्यावर दुसऱ्याचा माल कधीही ठेवला जात नाही. तो सर्वांत वर.

त्या बाई पुढच्या वर्षी पुन्हा माल ठेवायला आल्या. आम्ही त्यांना आधी खाली नेले, बादल्या ओतल्या, पंप चालवून दाखवला आणि मगच माल ठेवून घेतला. व्यापारी बांधवांनो, पंपाची पावती कपाटात असून काही होत नाही. या आठवड्यात दहा बादल्या पाणी ओता आणि आपला पंप चालतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.